आठ आठवड्यांच्या इंटर्नशिपमध्ये सोय कधी आणि कशी मागावी?

प्रश्न : ताई, मी संख्याशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लहानपणापासून मला कमी ऐकू येते आणि मी दोन्ही कानांत श्रवणयंत्रे वापरते. शांत जागी समोरासमोर कोणी बोलले तर मला जवळजवळ सगळे समजते. पण चार-पाच माणसे एकदम बोलू लागली, फोनवर बोलावे लागले किंवा बोलणाऱ्याचा चेहरा दिसेनासा झाला की माझी तारांबळ उडते. महाविद्यालयात प्राध्यापकांना माझी अडचण माहीत आहे, नोट्स मिळतात आणि परीक्षेतल्या सवलतीचा अर्ज विभागातूनच पुढे जातो, त्यामुळे मला स्वतःहून कधी काही मागावे लागले नाही. आता एका कंपनीत डेटा विश्लेषणाची आठ आठवड्यांची इंटर्नशिप मिळाली आहे. मुलाखत ऑनलाइन झाली, कॅप्शन (बोललेले शब्द पडद्यावर लिहून दाखवणाऱ्या ओळी) लावून मी ती निभावली आणि ऐकण्याबद्दल काहीच बोलले नाही. पुढच्या महिन्यात रुजू व्हायचे आहे. दादा म्हणतो, ‘आधी काम करून दाखव, मग सवलत माग.’ आई म्हणते, सांगूच नकोस, केसांखाली यंत्र दिसतही नाही. मला मात्र एकीकडे आपण फसवणूक करत आहोत असे वाटते आणि दुसरीकडे सांगितले तर जागा जाईल अशी भीती वाटते. जी धड कर्मचारीही नाही, तिने सवलत मागणे बरे दिसते का?

उत्तर : तुझ्या पत्रात ‘सवलत’ हा शब्द तीन वेळा आला आहे आणि तुझी निम्मी भीती त्या एका शब्दातून आली आहे, असे मला वाटते. सवलत म्हटले की काहीतरी कमी होते : शुल्क कमी होते, अट शिथिल होते, अपेक्षा खाली येते. सवलत देणारा उदार आणि घेणारा उपकृत, असे नातेही त्या शब्दाबरोबर आपोआप तयार होते. तुला जे मागायचे आहे त्यात तुझ्या कामाची प्रत, मुदत किंवा जबाबदारी यांतले काहीही कमी होणार नाही. तेच काम तितकेच चांगले करता यावे म्हणून केलेली ती व्यवस्था आहे, आणि अशा व्यवस्थेला आपल्या भाषेत ‘सोय’ असा साधा शब्द आहे. कार्यालय प्रत्येक माणसाला खुर्ची, दिवा आणि संगणक देते, तेव्हा त्याला कोणी सवलत म्हणत नाही. बैठकीत तुला बोलणाऱ्यांचे चेहरे दिसतील अशी जागा मिळणे हे त्या खुर्ची-दिव्यांच्याच यादीत बसते. यापुढे घरी बोलतानासुद्धा तू हा शब्द बदलून पाहा, कारण मनात सवलत असली की ईमेल लिहितानाही हात याचनेकडे वळतो.

फसवणुकीचा प्रश्न आधी बाजूला करू. मुलाखतीत तुला जे विचारले गेले त्याची तू उत्तरे दिलीस, त्या उत्तरांवरून त्यांनी तुला निवडले, आणि ऐकण्याबद्दल थेट प्रश्न झालाच नव्हता. न विचारलेली वैद्यकीय माहिती न देणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे. ती कोणाला, कधी आणि किती द्यायची हे ठरवण्याचा अधिकार तुझा आहे, आणि निवड झाल्यानंतर पण रुजू होण्याआधी हा जो महिना तुझ्या हातात आहे, तो ही माहिती देण्यासाठी मला सर्वांत योग्य वाटतो.

याचे कारण इंटर्नशिपच्या मुदतीत आहे, आणि इथेच दादाच्या सल्ल्याशी मी सहमत होऊ शकत नाही. तो तुझ्या काळजीपोटीच बोलतो आहे आणि कायमच्या नोकरीत कदाचित त्याच्या म्हणण्याला थोडा अर्थ असता, कारण तिथे पहिले तीन महिने अडखळत गेले तरी भरून काढायला पुढची वर्षे असतात. तुझ्याकडे आठ आठवडे, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्याने अवघे चाळीस कामाचे दिवस आहेत. एखादे सॉफ्टवेअर कार्यालयाच्या संगणकावर चालवायचे तर माहिती तंत्रज्ञान विभागाची मंजुरी लागते, आणि ती मिळण्यात सहज दोन आठवडे जातात. चौथ्या आठवड्यात मागितलेली सोय सहाव्या आठवड्यात हाती आली तर ती जवळजवळ आलीच नाही असे समजावे लागते, कारण तोपर्यंत तुझ्याबद्दलचे मत तयार झालेले असते. शिवाय ‘आधी काम करून दाखव’ म्हणताना दादा हे विसरतो, की काम करून दाखवण्यासाठी आधी काय काम दिले आहे ते नीट ऐकू यावे लागते.

हे मी अनुभवातून सांगते आहे. काही वर्षांपूर्वी मी एका कार्यालयात इंटर्न मुलामुलींची जबाबदारी पाहत असताना आमच्याकडे एक अतिशय हुशार मुलगा आला होता. त्याची दृष्टी क्षीण होती, पण त्याने ते सांगितले नाही आणि आम्हीही कोणी विचारले नाही. पडद्यावरच्या तक्त्याचा तो मोबाइलने फोटो काढी, दोन बोटांनी तो फोटो मोठा करून एकेक रकाना वाची, मग पुन्हा संगणकाकडे वळून नोंद करी. मला वाटे की हा मुलगा सारखा मोबाइलशी खेळतो. सहाव्या आठवड्यात एका सहकाऱ्याच्या ते लक्षात आले. त्या संगणकात अक्षरे मोठी करून दाखवणारा मॅग्निफायर मुळातच होता आणि शेजारच्या खोलीत एक मोठा मॉनिटर कोणी वापरत नसल्यामुळे धूळ खात पडलेला होता. दोन्ही गोष्टी जुळवायला अर्धा तास लागला. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत त्याने आधीच्या सहा आठवड्यांपेक्षा अधिक काम केले, परंतु ‘आकलन उत्तम, वेग कमी’ असा मध्यावधीचा शेरा त्याच्या कागदावर आधीच पडलेला होता आणि त्याखाली माझी सही होती. त्या शेऱ्याची मला आजही टोचणी आहे.

आता तुझ्या शेवटच्या प्रश्नाकडे, म्हणजे कर्मचारी नसलेल्या मुलीने मागावे का, याकडे येते. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा जो करार स्वीकारला, त्याच्या दुसऱ्या कलमात ‘वाजवी सोय’ या कल्पनेची व्याख्या आहे. त्या विशिष्ट व्यक्तीला त्या विशिष्ट परिस्थितीत लागणारे आवश्यक आणि योग्य फेरफार, जे करणाऱ्यावर प्रमाणाबाहेर किंवा अवाजवी बोजा पडत नाही, असा त्या व्याख्येचा आशय आहे. आणि अशी सोय नाकारणे हा भेदभावच होय, असेही तेच कलम म्हणते. रोजगाराबद्दलच्या सत्ताविसाव्या कलमात नोकरीबरोबर व्यावसायिक प्रशिक्षणाचाही उल्लेख आहे. अमेरिकेचा १९९० चा कायदा, ब्रिटनचा २०१० चा समता कायदा आणि भारताचा २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम यांत हीच कल्पना थोड्याफार फरकाने आली आहे. भारतात २०१७ च्या नियमांनुसार वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेनेही समान संधी धोरण जाहीर करायचे असते आणि दिव्यांगांसाठीच्या सोयींकडे पाहणारा संपर्क अधिकारी नेमायचा असतो. त्यामुळे कंपनीच्या संकेतस्थळावर असे धोरण सापडते का, हे आधी पाहावे.

यात एक नाजूक जागा आहे. असे कायदे बहुधा ‘कर्मचारी’ डोळ्यांसमोर ठेवून लिहिले जातात आणि इंटर्न, विशेषतः विद्यावेतन न मिळणारा इंटर्न, त्या व्याख्येत बसतो की नाही हे देशादेशानुसार आणि कित्येकदा नेमणुकीच्या कागदावरील शब्दांनुसार बदलते. म्हणून ऑफर लेटर पुन्हा एकदा नीट वाच, आणि इंटर्नशिप महाविद्यालयामार्फत मिळाली असेल किंवा तिचे श्रेयांक मिळणार असतील तर तिथल्या समन्वयक प्राध्यापकांना आत्ताच सांगून ठेव. कंपनी, महाविद्यालय आणि तू अशा तिघांच्या या नात्यात तू एकटी नाहीस, ही इंटर्नच्या बाजूची फार मोठी गोष्ट आहे आणि मुले तिचा उपयोगच करून घेत नाहीत. तरीही एवढे सांगते की बहुतेक वेळा प्रकरण कायद्यापर्यंत जातच नाही. माणसे नकार देतात त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा त्यांना नेमके काय करायचे हेच कळत नसते. अमेरिकेतील जॉब अकोमोडेशन नेटवर्क ही सल्ला देणारी संस्था वर्षानुवर्षे नोकरी देणाऱ्यांना सोयींच्या खर्चाबद्दल विचारत आली आहे आणि सुमारे निम्म्या सोयींना काहीच खर्च आला नाही, असे उत्तर तिला पुन्हा पुन्हा मिळाले आहे.

नेमके काय करायचे, हे सांगण्याची जबाबदारी आता तुझ्यावर येते. महाविद्यालयात व्यवस्था तयार होती आणि तू तिच्यात बसलीस. कार्यालयात व्यवस्था तुला सुचवावी लागेल, आणि त्यासाठी स्वतःच्या ऐकण्याचा तुला अभ्यास करावा लागेल. पुढचा आठवडाभर एक छोटी वही जवळ ठेव आणि जिथे जिथे धागा सुटला तिथे तिथे लिहून काढ : कोण बोलत होते, किती अंतरावर होते, उजेड कुठून येत होता, तू काय केलेस. काही गोष्टी तुला चटकन दिसतील. बोलणारा खिडकीला पाठ करून बसला की त्याचा चेहरा काळोखात जातो आणि ओठ दिसत नाहीत. फळ्याकडे किंवा पडद्याकडे वळून बोलणाऱ्याचे निम्मे वाक्य भिंतीकडे जाते. स, श, फ यांसारखे ध्वनी उंच स्वराचे आणि क्षीण असतात, त्यामुळे अनेकांच्या बाबतीत स्वर पोहोचतात आणि व्यंजने गळतात. कोणी बोलते आहे हे ऐकू येते, पण काय बोलते ते कळत नाही. ओठांकडे पाहिले तरी प, ब आणि म एकसारखे दिसतात. आकड्यांत तर ‘सात’, ‘साठ’ आणि ‘आठ’ यांची गफलत व्हायला एक गळलेले व्यंजन पुरते, आणि तुझे सगळे काम आकड्यांचे आहे.

त्या वहीत आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिही : किती वेळा न कळूनही तू मान डोलावलीस. पहिल्यांदा माणूस ‘काय म्हणालात?’ असे विचारतो, दुसऱ्यांदा ओशाळून विचारतो आणि तिसऱ्यांदा हसून मान हलवतो. कमी ऐकू येणाऱ्या बहुतेकांना ही सवय लागते आणि तिच्याबद्दल मी तुला दोष देणार नाही. परंतु वर्गात मान डोलावल्याचे नुकसान फक्त तुझे होते, तर कार्यालयात त्या होकारावर विसंबून दुसरा कोणीतरी पुढचे काम सुरू करतो. दिवसभर ताण देऊन ऐकल्यामुळे दुपारनंतर येणारा थकवाही नोंदव. महत्त्वाची चर्चा शक्य तेवढी सकाळी ठेवा, असे सुचवणेही सोयच आहे.

ही नोंद झाली की जिच्या किंवा ज्याच्या हाताखाली काम करायचे आहे त्या व्यक्तीला, आणि तिच्याबरोबर एचआर, म्हणजे मनुष्यबळ विभागाला, एक ईमेल पाठव. त्यात निदान, ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख), लहानपणची हकिगत यांतले काहीच नको. कामाची परिस्थिती आणि तिच्यावरचा उपाय एवढेच लिही. साधारण असे :

‘नमस्कार. पुढील महिन्यापासून मी आपल्या गटात इंटर्न म्हणून रुजू होत आहे. मला कमी ऐकू येते आणि मी श्रवणयंत्रे वापरते. समोरासमोरच्या संभाषणात मला अडचण येत नाही. बैठकीत बोलणाऱ्यांचे चेहरे दिसतील अशी जागा, ऑनलाइन बैठकीत कॅप्शन सुरू असणे, आणि मला दिलेले काम व त्यातील आकडे दोन ओळींत लेखी मिळणे, एवढी व्यवस्था झाली तर मी पहिल्या दिवसापासून नीट काम करू शकेन. कामात फोनवर बोलणे किती असेल याविषयी रुजू होण्यापूर्वी दहा मिनिटे बोलता आले तर बरे होईल.’

या मजकुरात क्षमस्व कुठेही नाही, हे पाहून घे आणि तू तो घालूही नकोस. प्रत्येक मागणी कामाच्या एकेका प्रसंगाला जोडलेली आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला लगेच काय करायचे ते कळते. ‘मला मदत लागेल’ असे मोघम लिहिले की समोरचा माणूस घाबरतो आणि आपल्या कल्पनेने तुझी अडचण मोठी करून बसतो. मग तुला अवघड काम देऊ नये असे तो दयेपोटी ठरवतो, आणि अशी दया नकारापेक्षा जास्त महाग पडते.

कॅप्शनबद्दल दोन शब्द जास्त लिहिते, कारण तू त्यांच्यावर बरीच विसंबतेस. आपोआप उमटणारी कॅप्शने गेल्या काही वर्षांत खूप सुधारली आहेत आणि झूम, मीट, टीम्स या तिन्हींत ती आहेत. मात्र माणसांची नावे, तांत्रिक संज्ञा आणि दोन भाषा मिसळून बोललेली वाक्ये यांत ती आजही ठेच खातात, आणि दोन माणसे एकदम बोलली तर कोणाचे वाक्य कोणते ते कळत नाही. म्हणून आकडे लेखी मागणे सोडू नकोस. मोबाइलवरची बोलणे लिहून दाखवणारी ॲप समोरासमोरच्या बैठकीत उपयोगी पडतात, पण त्यांतली काही आवाज बाहेरच्या सर्व्हरवर पाठवतात. कंपनीची माहिती गोपनीय असू शकते, त्यामुळे असे ॲप वापरण्याआधी लेखी परवानगी घे. तुझ्या श्रवणयंत्राला जोडणारा वेगळा मायक्रोफोन असेल तर त्याबद्दलही सांगून ठेव, म्हणजे टेबलावर हे काय ठेवले आहे अशी शंका कोणाला येणार नाही. आग लागल्याची घंटा किंवा ध्वनिक्षेपकावरची सूचना तुझ्यापर्यंत पोहोचेल का, हे पहिल्याच दिवशी विचार आणि तसा प्रसंग आल्यास तुला सांगण्याची जबाबदारी शेजारच्या एका सहकाऱ्यावर सोपवायला सांग. हे मागायला मुले विसरतात.

कंपनीला प्रत्येक मागणी जशीच्या तशी मान्य करावी लागते असे नाही. सोय वाजवी हवी, आणि कामाचा मूळ गाभा बदलण्याची सक्ती त्यात नसते. त्या जागेचे मुख्य कामच दिवसभर ग्राहकांशी फोनवर बोलण्याचे असते तर प्रश्न कठीण झाला असता. डेटाच्या कामात फोन हा गाभा असण्याची शक्यता कमी आहे आणि तो भाग ईमेलवर किंवा चॅटवर नेता येतो, किंवा दुसऱ्या इंटर्नशी कामाची अदलाबदल करता येते. एका उपायाला नाही म्हणाले तर ‘मग याऐवजी काय करता येईल?’ असे विचार आणि जे ठरेल ते आठवडाभर वापरून पुन्हा बोलायचे असे तेव्हाच ठरवून घे. सरसकट नकार आला तर त्याचे कारण शांतपणे लेखी माग आणि तो ईमेल समन्वयक प्राध्यापकांकडे पाठव. जागा जाण्याची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही, कारण पूर्वग्रह असलेली माणसे असतात. पण लेखी मागणी केल्यानंतर जागा काढून घेतली गेली तर प्रश्न विचारायला तुझ्याकडे कागद असतो. न सांगता आठ आठवडे काढले आणि शेरा वाईट पडला, तर तो तुझ्या बुद्धीवरचा शेरा म्हणून कायमचा राहतो.

सगळ्या कार्यालयाला सांगण्याची मात्र गरज नाही. एचआरने प्रमाणपत्र मागितले तर ते फक्त एचआरला द्यावे. गटप्रमुखाला तुला काय लागते एवढे कळले की पुरे. शेजारी बसणाऱ्यांना पहिल्या दिवशी ‘माझ्याशी बोलताना आधी हात करा किंवा समोर या’ असे हसतमुखाने सांगितलेस तर तेवढ्याने दिवस सोपा होतो. आईची काळजी मला समजते, कारण तिने तुला लोकांच्या नजरांपासून जपले आहे. तिला हा ईमेल पाठवण्याआधी वाचून दाखव. यंत्र केसांखाली झाकले जाईल, पण चुकलेला आकडा झाकला जाणार नाही, हे तिला पटेल असे वाटते.

हे सदर वाचणाऱ्या इतर विद्यार्थ्यांपैकी कोणाला चाकाची खुर्ची लागत असेल, कोणाला वाचनात अडचण येणारा डिस्लेक्सिया असेल, कोणाला अपस्मार किंवा नैराश्यावर औषधे चालू असतील. त्यांच्या सोयी वेगळ्या असतील, पण रुजू होण्याआधी, लेखी आणि कामाशी जोडून मागण्याची रीत हीच आहे. न दिसणाऱ्या अडचणींच्या बाबतीत ती अधिकच लागू होते, कारण तिथे समोरच्याला काही दिसत नसल्यामुळे तो प्रत्येक अडथळ्याचा अर्थ आळस किंवा निष्काळजीपणा असा लावतो. आणि इंटर्न नेमणाऱ्यांना माझी विनंती अशी, की ‘काम नीट करता यावे म्हणून तुम्हाला कोणती व्यवस्था लागेल?’ हा प्रश्न ऑफर लेटरसोबत सर्वच मुलांना विचारावा. सर्वांना विचारल्यामुळे कोणी एकटे पडत नाही आणि सांगणाऱ्याला हिंमत गोळा करत बसावे लागत नाही.

आठवड्याची नोंद पूर्ण झाली की तुझा ईमेल लगेच जाऊ दे. उत्तर आठ दिवसांत आले नाही तर एकदा आठवण कर. रुजू होण्याच्या दिवशी ठरलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोहोच, बैठकीची खोली उघडून दाखवायला सांग, आणि खिडकी कोणत्या बाजूला आहे ते पाहून तिच्याकडे पाठ येईल अशी खुर्ची स्वतःसाठी निवडून ठेव, म्हणजे बोलणाऱ्यांच्या चेहऱ्यावर उजेड राहील.